रीत बदलावी, सत्त्व टिकावे

क्योतो ही जपानची जुनी राजधानी. मंदिरांचे, उद्यानांचे आणि पिढीजात हस्तव्यवसायांचे शहर. याच शहरात १८८९ साली फुसाजिरो यामाउची यांनी ‘हानाफुदा’ या पारंपरिक जपानी पत्त्यांचा व्यवसाय सुरू केला. बारा महिन्यांची फुले आणि ऋतुचित्रे असलेले हे पत्ते त्या काळी हाताने तयार होत. त्या व्यवसायाचे नाव निन्टेंडो. आज जगातील कोट्यवधी घरांत ज्या कंपनीचे व्हिडिओ गेम खेळले जातात, तिचे मूळ फुलांच्या पत्त्यांत आहे. कागद गेला, काचेचा पडदा आला. दुकान गेले, जागतिक उद्योग उभा राहिला. माणसाला खेळवणे हा मूळ धर्म मात्र सुटला नाही.

‘व्हिडिओ गेम’ हा शब्द उच्चारताच आपल्याकडील अनेक घरांतील ज्येष्ठांच्या कपाळाला आठी पडते. डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, मैदाने ओस पडतात, या तक्रारी निराधार नाहीत. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांनी तर कित्येक कुटुंबांची वाताहत केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेला करावा लागला. मात्र त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स, शैक्षणिक आणि सामाजिक खेळ यांना उत्तेजन देण्याचीही भूमिका घेतली. म्हणजे खेळ आणि जुगार यांत शासनानेही विवेक केला. समाजाने याच्या एक पाऊल पुढे जाऊन या माध्यमाचा विचार करण्याची वेळ आता आली आहे. कारण तीस-चाळीस वर्षे चाललेल्या काही खेळमालिकांच्या इतिहासात एक प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिलेला दिसतो आणि तो कोणत्याही प्राचीन समाजाच्या ओळखीचा आहे. नवा काळ आला की जुन्यातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे?

कृती हाच आशय

कादंबरीचा वा चित्रपटाचा दुसरा भाग येतो तेव्हा कथा पुढे सरकते. वाचकाचे वाचणे आणि प्रेक्षकाचे पाहणे तेच राहते. खेळाचे तसे नाही. तिथे खेळाडू करतो. चालतो, लपतो, चढतो, लढतो, थांबतो. त्यामुळे मालिकेच्या नव्या भागात खेळण्याची रीत बदलली की आशयच बदलतो.

‘गॉड ऑफ वॉर’ या अमेरिकी मालिकेचे उदाहरण बोलके आहे. २००५ सालच्या पहिल्या भागात ग्रीक पुराणांच्या पार्श्वभूमीवर क्रेटोस नावाचा सूडाने पेटलेला योद्धा होता. कॅमेरा दूर, शत्रूंचे थवे समोर आणि खेळाडूच्या हाती केवळ संहार. २०१८ साली हाच योद्धा नॉर्स पुराणांच्या प्रदेशात आला तेव्हा कॅमेरा त्याच्या खांद्याजवळ येऊन स्थिरावला आणि त्याच्या सोबतीला लहान मुलगा आला. मुलाने बाण सोडावा यासाठी एक स्वतंत्र कळ ठेवण्यात आली. पुत्रासोबत चालणे, त्याला लढाईत सहभागी करून घेणे ही गोष्ट संवादात सांगून न थांबता खेळाडूच्या बोटांना शिकवली गेली. नायक तोच, परंतु खेळाडूच्या हातून घडणारे कर्म बदलले आणि सूडकथेची पितृत्वकथा झाली. खेळाच्या माध्यमात संस्कार होतो तो या कर्मातून. चित्र, संगीत, पेहराव हे सारे त्यानंतर येते. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचे विवेचन सुलभ होईल.

मुळाकडे जाणारी नवता

निन्टेंडोच्या ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’ या मालिकेचा पहिला भाग फेब्रुवारी १९८६ मध्ये जपानात आला. तिचे जनक शिगेरू मियामोतो यांचे बालपण क्योतोजवळच्या सोनोबे या गावात, डोंगर-रानांत हिंडण्यात गेले. रानात अवचित सापडलेली गुहा आणि कंदील घेऊन तिच्यात शिरण्याचे धाडस, हा अनुभव या खेळाच्या मुळाशी असल्याचे त्यांनी सांगितलेले आहे. म्हणूनच पहिल्या भागात खेळाडूला उघड्या माळावर सोडून दिलेले होते. कुठे जायचे हे सांगणारे कोणी नव्हते. वाट चुकणे हाच खेळ होता.

पुढच्याच वर्षी, १९८७ साली आलेल्या दुसऱ्या भागाने रीत बदलली. बाजूने दिसणारी दृश्ये आणि अनुभवाचे गुण साठवण्याची पद्धत आली. तो प्रयोग मालिकेच्या अंगी लागला नाही आणि निर्मात्यांनी तो मागे ठेवला. १९९८ सालच्या ‘ऑकारिना ऑफ टाइम’ने त्रिमिती जगात पाऊल टाकले. त्रिमितीत तलवार चालवताना शत्रू नजरेआड होतो, ही अडचण एका कळीने शत्रूवर दृष्टी खिळवून ठेवण्याच्या युक्तीने सोडवली गेली. ही युक्ती पुढे जगभरातील खेळांनी स्वीकारली.

तथापि यशाबरोबर साचेबद्धपणाही आला. ठरलेल्या क्रमाने भुयारांत शिरायचे, तिथे एक अवजार मिळवायचे, त्या अवजाराने पुढचे दार उघडायचे, हा क्रम सुमारे दोन दशके चालला. खेळ सुबक होते, लोकप्रियही होते. पण गुहेत कंदील घेऊन शिरणारा तो मुलगा हरवत चालला होता. २०१३ च्या सुमारास मालिकेचे सूत्रधार एइजी आओनुमा यांनी रूढ झालेल्या संकेतांचाच पुनर्विचार करण्याचे ठरवले. हिदेमारो फुजिबायाशी यांच्या दिग्दर्शनाखालील चमूने नव्या कल्पना तपासण्यासाठी १९८६ च्या मूळ खेळासारखाच दिसणारा एक साधा द्विमिती नमुना बनवला. पुढे जाण्यासाठी त्यांनी आधी मुळाकडे धाव घेतली. मार्च २०१७ मध्ये ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ आला तेव्हा ठरलेला क्रम गळून पडला होता. दिसेल तो डोंगर चढता येत होता, पावसात कडा निसरडा होत होता आणि सुरुवातीच्या थोड्या भागानंतर खेळाडूची इच्छा असेल तर तो थेट अंतिम शत्रूच्या दारात जाऊन उभा राहू शकत होता. निन्टेंडो स्विचवर या खेळाच्या तीन कोटींहून अधिक प्रती खपल्या. मे २०२३ मध्ये आलेल्या पुढच्या भागात वस्तू जोडून वाहने आणि यंत्रे घडवण्याची मुभा मिळाली. त्याच्या पहिल्या तीन दिवसांत एक कोटी प्रती विकल्या गेल्या.

इथे आणखी एक बाब नोंदवण्यासारखी आहे. मियामोतोंनी आरंभ केला. आओनुमा १९८८ साली कंपनीत आले आणि त्यांच्या हाताखाली घडले. फुजिबायाशी आधी दुसऱ्या कंपनीतून या मालिकेचे छोटे भाग घडवत होते, मग ते मुख्य धारेत आले. मूळ काय आणि टरफल काय, हे ठरवण्याचा अधिकार त्यांना दीर्घ सहवासातून मिळालेला होता. आपण ज्याला गुरुशिष्य परंपरा म्हणतो, तिचेच हे औद्योगिक रूप आहे.

बाजारामागे धावताना

याच्या शेजारी ‘रेसिडेंट ईव्हिल’ ही दुसरी जपानी मालिका ठेवून पाहावी. १९९६ साली कॅपकॉम कंपनीने आणि शिंजी मिकामी यांनी ती सुरू केली. भय हा तिचा स्थायीभाव. कॅमेरा एका कोपऱ्यात पक्का बसवलेला, त्यामुळे वळणापलीकडे काय आहे ते दिसत नसे. गोळ्या मोजक्या. इतकेच काय, खेळातील प्रगती नोंदवण्यासाठीही टंकलेखन यंत्राची शाईची फीत शोधावी लागे आणि त्या फिती मोजक्याच असत. अभाव हा या खेळाचा प्राण होता.

२००५ सालच्या चौथ्या भागात मिकामींनी कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे आणला. नेम धरणे सोपे झाले, गती वाढली, पण नेम धरताना पाय जागीच खिळत असल्यामुळे भयही शिल्लक राहिले. हा तोल विलक्षण होता आणि जगाने त्याचे अनुकरण केले. अडचण पुढे आली. २००९ चा पाचवा आणि विशेषतः २०१२ चा सहावा भाग बाजारात चालणाऱ्या धडाकेबाज गोळीबाराच्या खेळांमागे धावला. स्फोट वाढले, पाठलाग वाढले, नायकांची संख्या वाढली. भीती तेवढी उरली नाही. प्रती खपल्या, पण मालिकेच्या जुन्या चाहत्यांना आणि समीक्षकांना हा खेळ आपला वाटला नाही. सगळ्यांना आवडण्याच्या खटाटोपात तो कोणासारखाही झाला होता.

कॅपकॉमने यावर दिलेले उत्तर अभ्यासण्यासारखे आहे. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या सातव्या भागाने जुना पक्का कॅमेरा परत आणला नाही. उलट पूर्वीच्या कोणत्याही मुख्य भागात नव्हती अशी रीत घेतली: खेळाडू नायकाच्या डोळ्यांनी पाहू लागला. एक पडके घर, एक सामान्य माणूस, मोजक्या गोळ्या आणि बंद दारे. रूप सर्वस्वी नवे आणि भाव १९९६ चा. निव्वळ जुने कपडे अंगावर चढवून सत्त्व परत येत नाही. कित्येकदा त्याला नवे शरीर द्यावे लागते. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी स्वदेशी विचाराला युगानुकूल आणि बाहेरून आलेल्याला देशानुकूल करून घेण्याची जी दृष्टी दिली, तिचा पूर्वार्ध समजून घेण्यासाठी हे उदाहरण अनपेक्षित असले तरी चपखल आहे.

घरच्यांनी टाकले, दुसऱ्यांनी उचलले

परिवर्तनाचा वेग किती असावा, याचे उत्तर प्रत्येक मालिकेने निराळे दिले. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ (१९८६) आणि ‘फायनल फँटसी’ (१९८७) या दोन जपानी मालिका एका वर्षाच्या अंतराने जन्मल्या. दोन्हींत युद्ध पाळीपाळीने चाले. आधी विचार, मग आज्ञा, मग परिणाम. सोंगट्यांच्या डावासारखा संथ आणि बुद्धीला वाव देणारा व्यवहार. युजी होरी यांच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने आपल्या मुख्य धारेत ही रीत निष्ठेने सांभाळली. २०१७ सालच्या अकराव्या भागातही ती कायम होती आणि जपानी समाजाने त्या मालिकेला घरच्या सणासारखे प्रेम दिले.

‘फायनल फँटसी’ने दर भागात कात टाकण्याचे व्रत घेतले. १९९१ सालच्या चौथ्या भागात हिरोयुकी इतो यांनी पाळीच्या युद्धात वाहत्या घड्याळाची कल्पना आणली. विचार करीत बसले तर शत्रू थांबत नसे. २००२ चा अकरावा भाग ऑनलाइन झाला. २०२३ च्या सोळाव्या भागापर्यंत पाळीची रीत पूर्णपणे मागे पडून सलग, वेगवान हातघाईचे युद्ध आले. त्यासाठी अशा खेळांत मुरलेले कॅपकॉमचे माजी तंत्रज्ञ र्‍योता सुझुकी यांना पाचारण करण्यात आले. आजच्या तरुणाला पाळीपाळीने लढणे कंटाळवाणे वाटते, असा एक समज यामागे होता.

हा समज किती टिकला? एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सच्या माँपेलिए शहरातील सँडफॉल इंटरॅक्टिव्ह या तुलनेने लहान चमूचा ‘क्लेअर ऑब्स्क्युर: एक्सपिडिशन ३३’ हा खेळ आला. त्याचे कर्ते जुन्या जपानी खेळांवर, विशेषतः ‘फायनल फँटसी’वर वाढलेले. त्यांनी पाळीची रीत श्रद्धेने घेतली आणि शत्रूचा वार अचूक क्षणी चुकवण्याची वा परतवण्याची जोड तिला दिली. कथा आणि चित्रे मात्र आपल्या फ्रेंच मातीतली ठेवली. डिसेंबर २०२५ मध्ये ‘द गेम अवॉर्ड्स’मधील वर्षातील सर्वोत्तम खेळाचा सन्मान त्यालाच मिळाला.

घरच्यांनी कालबाह्य म्हणून अडगळीत टाकलेली वस्तू परक्याने पुसून घेतली आणि तिचे सोने केले. योग, आयुर्वेद, हळद, ध्यान यांच्या बाबतीत हा अनुभव भारतीयांनी अनेकदा घेतला आहे. जुने ते टाकाऊ हा निर्णय घेण्यापूर्वी जुन्याचा कस पूर्ण संपला आहे का, हे पाहावे लागते. आणि फ्रेंचांकडून आणखी एक शिकावे. त्यांनी रीत बाहेरून घेतली, पण देशानुकूल करून घेतली. दीनदयाळजींच्या सूत्राचा हा उत्तरार्ध.

भारत कुठे आहे?

भारतीयांना सर्वांत जवळची ठरलेली परदेशी मालिका बहुधा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. जॉर्डन मेकनर या अमेरिकी तरुणाने आपल्या धाकट्या भावाच्या धावण्या-उडी मारण्याचे चित्रण करून त्यावरून नायकाच्या हालचाली रेखाटल्या आणि १९८९ साली हा खेळ सिद्ध केला. नव्वदच्या दशकात संगणक आलेल्या कित्येक मराठी घरांतील मुलांनी तो खेळला. साठ मिनिटांची मुदत, गेलेला क्षण परत नाही, असा त्याचा कठोर नियम होता. २००३ साली युबिसॉफ्टच्या मॉन्ट्रियल शाखेने ‘सँड्स ऑफ टाइम’ आणला तेव्हा नायकाच्या हाती काळ मागे फिरवणारा खंजीर दिला. कालाची निष्ठुरता गेली, चूक सुधारण्याची संधी आली. याच मालिकेच्या एका पुढच्या प्रयत्नातून २००७ साली ‘असॅसिन्स क्रीड’ जन्मला. गर्दीत मिसळणे, नजर चुकवणे आणि एका आघातात काम संपवणे ही त्याची रीत होती. २०१७ च्या ‘ओरिजिन्स’पासून विस्तीर्ण प्रदेश आणि पातळ्यांचे गणित आले, शत्रूची पातळी वरची असेल तर लपवलेल्या पात्याचा एक वारही पुरेसा होईना. मालिकेची ओळखच ज्या कृतीत होती ती कृती दुबळी झाली. २०२३ च्या ‘मिराज’मध्ये निर्माते पुन्हा जुन्या रीतीकडे वळले.

या विशाल मालिकेत भारताला काय मिळाले? जानेवारी २०१६ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड क्रॉनिकल्स: इंडिया’ आला. १८४१ सालचे शीख साम्राज्य ही पार्श्वभूमी. इजिप्त, ग्रीस, इंग्लंड आणि २०२५ साली जपान यांच्या वाट्याला मुक्त संचाराचे भव्य प्रदेश आले. भारताच्या वाट्याला बाजूने पाहायचा, डावीकडून उजवीकडे जाणारा छोटा खेळ. २०१७ सालच्या ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ने पश्चिम घाट, होयसळ शिल्पे आणि गणेशाच्या भव्य मूर्ती मनोहारी पद्धतीने उभ्या केल्या. तरीही तिथे खेळाडू करतो ते गुप्तधनाच्या शोधकाचे काम. देवळे सुंदर दिसतात. देवळात जाणाऱ्याच्या मनाचा प्रवास त्या रीतीत मावत नाही.

याबद्दल परदेशी निर्मात्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ते त्यांच्या दृष्टीने पाहणार. प्रश्न आपल्या हातांचा आहे. आणि हात तर पुण्या-मुंबईतच आहेत. ‘सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई शाखांत घडत असल्याचे सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले होते. पहिल्या झलकीतील चित्रांवर टीका झाली, काम लांबत गेले आणि २०२२ मध्ये ते मॉन्ट्रियलकडे सोपवण्यात आले. पुण्या-मुंबईतील तरुणांच्या कौशल्याबद्दल यावरून घाईने निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. परंतु दुसऱ्याच्या वारशाची डागडुजी करणारा अखेर मजूर ठरतो. काय ठेवायचे आणि काय बदलायचे हे ठरवणारा मालक दुसरीकडेच असतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

चतुरंग आणि मोक्षपट

खेळांच्या बाबतीत भारत हा उपरा देश नाही. चतुरंग इथला. तो इराणात गेला, अरबांकडे गेला, युरोपात पोहोचला. वाटेत नियम बदलले. जो मंत्री एकेक घर तिरका सरकत होता, तो पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात पटभर संचार करणारी राणी झाला. डावाची गती पालटली. पण राजाला कोंडीत पकडण्याचा बुद्धिसंग्राम हे सत्त्व अबाधित राहिले, म्हणून तो खेळ जगाचा झाला आणि घरीही परतला. डिसेंबर २०२४ मध्ये चेन्नईचा अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. बदललेल्या रीतीवर मूळ घराने पुन्हा प्रभुत्व मिळवले.

मोक्षपटाचे नेमके उलटे झाले. या पटावरील घरे सद्गुणांची आणि दुर्गुणांची होती. शिडी चढवी ती पुण्याने, साप गिळी तो पापामुळे आणि शेवटच्या घरात मोक्ष होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा पट इंग्लंडला गेला. फासा तोच, साप तेच, शिड्या त्याच. पण हळूहळू घरांवरील नावे पुसली गेली आणि आकडे तेवढे उरले. रीत जशीच्या तशी राहिली आणि सत्त्व निसटले. आज भारतीय मुलेही तोच आकड्यांचा सापशिडीचा पट खेळतात. रीत बदलूनही चतुरंग जगला. रीत न बदलताही मोक्षपट हरवला. परंपरेच्या प्रत्येक कैवाऱ्याने ही दोन उदाहरणे शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत.

पुढची वाट

आज भारतात रामायण-महाभारतावर आधारित खेळांचे मनोरे रचले जात आहेत. मे २०२५ मध्ये मुंबईत झालेल्या ‘वेव्हज’ परिषदेत शासनानेही या क्षेत्राला मानाचे स्थान दिले. उत्साह स्वागतार्ह आहे. धोका एवढाच की परदेशी गोळीबाराच्या वा मारधाडीच्या खेळाचा सांगाडा घ्यायचा आणि त्यावर मुकुट, गदा, भगवे ध्वज चढवायचे, यालाच भारतीय खेळ म्हटले जाईल. हातून घडणारे कर्म अमेरिकी आणि पोशाख तेवढा अयोध्येचा, असा तो प्रकार होईल.

हा प्रश्न श्रद्धेलाही भिडतो. २००९ साली ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा भारतात तयार झालेला खेळ प्लेस्टेशन २ साठी आला तेव्हा अमेरिकेतील काही हिंदू कार्यकर्त्यांनी आक्षेप घेतला. आराध्य दैवताला कळी दाबून नाचवणे त्यांना अनुचित वाटले. आक्षेपाला हसणे सोपे आहे; पण त्यात एक मर्मग्राही प्रश्न होता. भक्ताने देवाला चालवायचे की देवाने भक्ताला? याचे उत्तर घोषणेने वा बंदीने मिळणारे नव्हते. ते खेळाच्या रीतीतच शोधावे लागणार होते.

ते शोधले पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने. २०२० साली आलेल्या त्यांच्या ‘राजी: अ‍ॅन एन्शन्ट एपिक’मध्ये खेळाडूच्या हाती असते ती राजी नावाची, कसरती करणारी एक साधी मुलगी, असुरांनी पळवून नेलेल्या भावाच्या, गोलूच्या शोधात निघालेली. दुर्गा आणि विष्णू तिचा प्रवास पाहतात, त्यावर बोलतात आणि तिला शस्त्रे देतात. देव खेळाडूच्या अंगठ्याखाली येत नाहीत. ते कृपा करतात आणि पुरुषार्थ माणसाकडे ठेवतात. राजस्थानी वास्तुकला, पहाडी चित्रशैलीचा प्रभाव, छायाबाहुल्यांतून कथाकथन हे सारे देखणे आहेच, पण त्या खेळाचे भारतीयत्व या एका निर्णयात अधिक आहे. खेळ लहान होता, काही ठिकाणी अपुराही होता, त्याचा शेवट अर्ध्यावर थांबल्यासारखा वाटणारा होता. १९८६ चा ‘झेल्डा’ही आजच्या मानाने लहानच होता.

म्हणून खरी गरज आहे ती दीर्घ श्वासाची. एक खेळ काढला, कौतुक झाले, चमू पांगला, असे होत राहिले तर परंपरा निर्माण होत नाही. दुसरा भाग फसला तरी तिसऱ्याला पैसा देणारे भांडवलदार हवेत. ज्येष्ठांच्या हाताखाली कनिष्ठ घडतील अशा कार्यशाळा हव्यात. पुराणे, इतिहास, शिल्प, लोककला यांचे जाणकार सजावटीचे सल्लागार म्हणून शेवटी बोलावण्यापेक्षा आरंभीच, खेळाडूने काय करायचे हे ठरवताना, मेजाशी बसले पाहिजेत. वारीवर खेळ करायचा असेल तर त्यात शत्रूला मारून गुण मिळवण्यापेक्षा सोबत चालण्याला किंमत हवी. गडकोटांवर खेळ करायचा असेल तर शिवरायांच्या मावळ्याला सह्याद्रीची वाट, रात्र आणि पाऊस ही शस्त्रे म्हणून वापरता आली पाहिजेत. गनिमी कावा ही मुळातच एक खेळरीत आहे. ती उसनी आणावी लागत नाही.

आणि पालकांनी, शिक्षकांनी, कार्यकर्त्यांनी मुलाच्या हातातील पडद्याकडे पाहून नुसते डोळे वटारण्यापेक्षा त्याला एक प्रश्न विचारावा: या खेळात तू काय करतोस? काय दिसते, किती गुण झाले, हे नंतर. काय करतोस? मुलगा जे उत्तर देईल तोच त्या खेळाचा संस्कार. मोक्षपटाच्या घरांवरील नावे एकेकाळी कोणीतरी लिहिली होती आणि कोणीतरी पुसली. नव्या पटावर ती पुन्हा लिहिण्याची संधी या पिढीला मिळाली आहे. लेखणी मात्र आपल्याच हाती असली पाहिजे.